कुठे बसायचं ते तरी सांग

त्या मालिकेचं नाव मी इथे लिहिणार नाही. नाव लिहिलं की तिच्या पाचव्या भागात काय होतं ते कळेल, आणि ज्यांनी तो भाग अजून पाहिलेला नाही त्यांचा त्यावर पहिला हक्क आहे, असं मला आजही वाटतं. मालिका चांगली आहे, फार चांगली आहे, आणि २०२२च्या पावसाळ्यात मीच ती आमच्या नाशिकच्या घरी सगळ्यांना बघायला लावली. या लेखात पुढे बाळ जन्माआधी दगावण्याचा उल्लेख आहे, मारून टाकलेल्या जोडप्याचा आहे, एका ठिकाणी आत्महत्येचाही आहे. हे आत्ताच सांगून ठेवते.

आमच्या घरात काय बघायचं ते ठरवण्याचं काम माझ्याकडे आलं ते आपसूक. मी पुण्यात एकटी राहते, फिल्म क्लबचे खेळ सहसा चुकवत नाही. आई-बाबा, दादा आणि वहिनी नाशिकला. रविवारी सकाळी आईचा फोन यायचा, ‘या आठवड्यात काय लावू?’ मग मी एखादं नाव सांगायची, कुठे मिळेल ते सांगायची, आणि त्यापलीकडे एक अक्षर बोलायची नाही. या न बोलण्याचा मला अभिमान होता. कथेतला पहिला धक्का ज्याचा त्याला कोरा मिळाला पाहिजे, हे माझं तत्त्व होतं. आई मात्र दर वेळी एकच प्रश्न विचारायची, ‘त्यात कुणी मरत नाही ना गं?’ आणि माझं उत्तरही ठरलेलं, ‘आई, तू बघ तर.’

त्या मालिकेच्या वेळीही तिने विचारलं होतं. मीही तेच उत्तर दिलं.

२०१८ साली वहिनीचं बाळ आठव्या महिन्यात पोटातच गेलं. मुलगी होती. आमच्या घरात त्याबद्दल कुणी बोलत नाही. आईने विणायला घेतलेलं टोपडं अर्धं राहिलं होतं; त्या सुया आणि ती पिवळी लोकर पुढे कुठे गेली, हेही आजवर कुणी विचारलेलं नाही. आणि त्या मालिकेच्या पाचव्या भागात एक सोनोग्राफीची खोली आहे. पडद्यावरची करडी हालचाल आहे. मग डॉक्टरीणबाई एकदम बोलायच्या थांबतात. त्यांचं ते थांबणं दिग्दर्शकाने लांबवलंय, खूप लांबवलंय, आणि मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात त्याला दाद दिली होती. वहिनीची आठवण मला त्या वेळी आली नाही. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण खरं तेच आहे.

रात्री साडेअकराला दादाचा मेसेज आला, ‘पाचवा भाग हिला दाखवायला नको होता.’ बाकी काही नाही. मी फोन केला नाही. काय बोलणार होते?

गौरी-गणपतीला घरी गेले. गौरीजेवणाच्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात वहिनी आणि मी दोघीच होतो. ती पुरणयंत्र फिरवत होती, मी वेलची कुटत होते. मी काही म्हणायच्या आतच, माझ्याकडे न बघता, ती म्हणाली, ‘मला शेवट नको होता गं. पण कुठे बसायचं ते तरी सांगायचंस.’ मला कळलं नाही. तेव्हा म्हणाली, ‘आई-बाबा दोघं समोर. तुझा दादा शेजारी. मध्येच उठले असते तर का उठले ते सगळ्यांना कळलं असतं. म्हणून बसून राहिले. आधी माहीत असतं तर दुपारी एकटीने पाहिलं असतं. नाहीतर नसतं पाहिलं. माझं मी ठरवलं असतं.’

तिने माझ्यावर राग धरला नव्हता. पुरण झाल्यावर वाटीत काढून चव बघायला तिनेच दिलं. मी मात्र तेव्हापासून या एका गोष्टीवर विचार करते आहे.

गुपित राखण्याची हौस काही माझी एकटीची नाही. लंडनमध्ये अगाथा ख्रिस्तीचं ‘द माउसट्रॅप’ हे नाटक २५ नोव्हेंबर १९५२ला सुरू झालं, ते थेट मार्च २०२०मध्ये करोनाने थिएटरं बंद पाडेपर्यंत चाललं, आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभं राहिलं. खेळ संपल्यावर नटमंडळी प्रेक्षकांना विनंती करतात, खुनी कोण ते बाहेर सांगू नका. पिढ्यान्पिढ्या लोकांनी ते मानलं. क्लूझो या फ्रेंच दिग्दर्शकाने १९५५च्या ‘ले दियाबोलिक’च्या शेवटी पडद्यावर पाटीच लावली होती: तुमच्या मित्रांची मजा घालवू नका. ‘स्पॉयलर’ हा शब्द या अर्थाने छापला गेला तो १९७१मध्ये, अमेरिकेतल्या ‘नॅशनल लँपून’ मासिकात, डग केनी यांच्या लेखात. आपल्याकडे तो आता आता आला, पण आपलं क्रियापद जुनं आहे: शेवट फोडणं. पेपर फुटतो, बिंग फुटतं, घर फुटतं, तसा सिनेमाही फुटतो. फुटलेलं पुन्हा सांधता येत नाही, हे त्या शब्दातच आहे.

मला या बाजूचं म्हणणं अगदी आतून पटतं. पहिल्यांदा पाहणं एकदाच होतं. कॅलिफोर्नियातल्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०११मध्ये लोकांना लघुकथा वाचायला दिल्या, काहींना शेवट आधी सांगून, काहींना न सांगता; शेवट माहीत असलेल्यांना त्या कथा उलट अधिक आवडल्या. नंतर इतरांनी केलेल्या प्रयोगांत याच्या विरुद्धही निघालं. मला पहिला निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटलं नाही. आपण कीर्तनाला बसतो तेव्हा हरिश्चंद्राचं काय होणार हे बुवांच्या आधी आपल्याला माहीत असतं, तरी डोळे भरतात. १९५५च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. ५६ गाणी, वर्षभर दर आठवड्याला एक. पुढच्या आठवड्यात काय होणार हे रेडिओसमोर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी लोक बसले. पण जाणून ऐकण्याचा आनंद आहे म्हणून न जाणता पाहण्याचा आनंद खोटा ठरत नाही. दोन्ही आहेत. मला दोन्ही हवे आहेत.

गीतरामायणावरून आठवलं. त्याच्या पहिल्याच गाण्यात कुश आणि लव रामासमोर बसून रामाचीच कथा गातात. लहानपणापासून मी ते गाणं गोड म्हणून ऐकत आले. वहिनीचं बोलणं ऐकल्यानंतर ते मला वेगळं ऐकू यायला लागलं. जो हे सगळं जगला, ज्याने सीतेला वनात पाठवलं, तो माणूस भर सभेत बसून ते ऐकतो आहे. सगळ्यांसमोर. मध्येच उठता येत नाही.

यातूनच मी भवभूतीकडे वळले. आठव्या शतकातला हा नाटककार, विदर्भातल्या पद्मपूरचं घराणं सांगणारा. त्याच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक मी कॉलेजात संस्कृतच्या तासाला वाचला होता, परीक्षेपुरता. आता पुन्हा काढला. राम राज्यावर बसला आहे. सीतेचे दिवस भरत आले आहेत. जनक राजा नुकताच परत गेल्याने ती उदास आहे. तिचं मन रमावं म्हणून लक्ष्मण एक चित्रमालिका दाखवायला घेऊन येतो: त्यांच्याच आयुष्याची चित्रं, विवाहापासून वनवासापर्यंत. आजच्या भाषेत सांगायचं तर तिघं जण मिळून काहीतरी बघायला बसतात.

राम आधी विचारतो, कुठपर्यंत काढली आहेत? लक्ष्मण म्हणतो, वहिनींच्या अग्निशुद्धीपर्यंत. राम तिथेच त्याला गप्प करतो. मग चित्रं सुरू होतात. लक्ष्मण एका चित्राकडे बोट दाखवून म्हणतो, ही मंथरा. राम काहीच उत्तर देत नाही, घाईने पुढचं चित्र दाखवायला लागतो. लक्ष्मणाच्या ध्यानात येतं आणि तो स्वतःशी म्हणतो, मधल्या आईची हकिगत दादाने गाळली. पुढे शूर्पणखेचं चित्र येतं आणि सीता घाबरते, जणू ताटातूट पुन्हा समोर उभी राहिली. राम तिला सांगतो, अगं, हे चित्र आहे. आणि आणखी पुढे, माल्यवान पर्वतापाशी, रामाचंच बळ सरतं. सीतेच्या विरहात तो तिथे रडत हिंडला होता. तो लक्ष्मणाला म्हणतो, विरम, विरम. थांब, यापुढे मला सोसणार नाही, जानकीचा तो वियोग जणू पुन्हा परतून आला आहे.

‘ट्रिगर’ म्हणून जो शब्द आज आपण वापरतो, त्याची यापेक्षा नेमकी व्याख्या मी वाचलेली नाही. होऊन गेलेलं चित्र पाहून परततं. आठवण येणं वेगळं, परतून येणं वेगळं.

त्या अंकात मला सर्वांत जवळचं वाटतं ते मंथरेचं चित्र. तिथे राम कुणाला काही समजावून सांगत नाही. लक्ष्मणाला लागेल, सीतेला लागेल, कैकेयी आईबद्दल कुणाच्या मनात कडू उमटेल, हे त्याला माहीत आहे आणि तो चित्र सरकवतो. बघणाऱ्यांची जखम माहीत असलेला माणूसच हे करू शकतो. पण याच अंकाचा शेवट मला अस्वस्थ करतो. सीता त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपते, दुर्मुख नावाचा हेर येऊन लोकापवाद सांगतो, आणि वन बघायची तिचीच इच्छा होती म्हणून रथ निघतो. खरं काय ते तिला कुणी सांगत नाही. चित्रातल्या दुःखापासून तिला जपणारा माणूस तिच्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या घावाची वर्दी तिला देत नाही. भवभूतीने या दोन गोष्टी एकाच अंकात शेजारी ठेवल्या. मला वाटतं, त्याने ते जाणून केलं.

आपल्या जुन्या नाट्यशास्त्रातही याचा विचार आहे. युद्ध, राज्य जाणं, मरण, नगराला पडलेला वेढा, हे रंगमंचावर प्रत्यक्ष करू नये, प्रवेशकातून, म्हणजे दोन अंकांमधल्या छोट्या जोडप्रवेशातून, कळवावं, असं भरतमुनी सांगतात. आजच्या सिनेमाने असं वागावं असं मी म्हणणार नाही. मरण दाखवायला हवं. कधी कधी ते दाखवलं नाही तर खोटेपणा होतो.

याचं आपल्या जवळचं उदाहरण ‘सैराट’. पुढच्या दोन परिच्छेदांत त्याचा शेवट आहे. इतक्या वर्षांनीही ज्यांनी तो पाहिला नसेल, त्यांनी ते सोडून पुढे जावं. माझी भाची पंधरा वर्षांची आहे, तिने अजून पाहिलेला नाही, तेव्हा असे लोक असतात हे मला माहीत आहे.

नागराज मंजुळे यांचा हा सिनेमा २९ एप्रिल २०१६ला आला. पहिल्याच आठवड्यात मी पुण्यात पाहिला. ‘झिंगाट’ला लोक खुर्च्यांमधून उठून नाचत होते. मध्यंतरानंतर गाणी मागे पडली, हैदराबादची झोपडपट्टी आली, आर्ची-परशाचा संसार उभा राहिला, बाळ झालं. मग माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, चहा होतो, आणि शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं तेव्हा आई-बाप रक्तात पडलेले आहेत. मंजुळे यांनी तिथे आवाज काढून घेतला आहे. ते पोर रडत बाहेर पडतं आणि त्याची लाल पावलं उमटत जातात. आमच्या थिएटरात दिवे लागले तरी कुणी जागचं हललं नाही. तासाभरापूर्वी नाचलेली तीच माणसं.

त्या शेवटाची आधी वर्दी द्यायला हवी होती का? मी पुष्कळदा स्वतःला विचारलं आहे. पडद्यावर सुरुवातीलाच ‘ऑनर किलिंगची दृश्यं आहेत’ अशी ओळ आली असती, तर त्या नाचाला काय अर्थ उरला असता? बेसावध असणं हाच त्या सिनेमाचा आशय आहे. आर्ची बेसावध होती, म्हणून आपणही. मी आजही म्हणेन, ‘सैराट’बद्दल गप्प बसलेल्या प्रत्येक प्रेक्षकाने चांगलं काम केलं. पण त्याच आठवड्यात माझी एक सहकारी माझ्या टेबलाशी आली. तिचं आणि तिच्या नवऱ्याचं लग्न दोन्ही घरांना सोडून झालेलं. जात वेगळी. चार वर्षं तिच्या भावाने तोंड पाहिलेलं नव्हतं. तिने सरळ विचारलं, ‘शेवट काय आहे ते सांग. न कळता मला तिथे बसता येणार नाही.’ मी इकडे-तिकडे पाहिलं, तिला जिन्यात नेलं आणि सांगितलं. सगळं. बाळाच्या पावलांसकट. ती जाईल असं मला वाटलं नव्हतं. ती गेली, नवऱ्याबरोबर गेली, शेवटपर्यंत बसली. सोमवारी म्हणाली, ‘माहीत होतं म्हणून बसले. नाहीतर चहा ठेवला तेव्हाच पळाले असते.’

तर २०१६मध्ये जे मला सहज जमलं, ते २०२२मध्ये का जमलं नाही? वहिनी तर घरची. तिचं दुखणं मला माहीत होतं. फरक एवढाच की सहकारीने विचारलं आणि वहिनीने विचारलं नाही. आणि ती विचारणार कशी होती? ‘त्यात बाळ जात नाही ना?’ असं रविवारी फोनवर, सगळे ऐकत असताना, विचारायचं म्हणजे आपली जखम सर्वांसमोर उघडी करायची. चार वर्षं ज्या घरात त्याचा शब्द निघाला नाही, त्या घरात तिने तो काढायचा. विचारण्यासाठी आधी सांगावं लागतं. ज्याला सांगणंच कठीण आहे तो विचारत नाही, आणि ज्याने विचारलं नाही त्याला काही लागत नाही असं आपण धरून चालतो.

म्हणून मला आता वाटतं की आधी छापलेली, सगळ्यांसाठी असलेली सूचना लागतेच. ज्याला गरज नाही तो ती ओलांडून पुढे जाईल. ज्याला आहे त्याला ती कुणाकडे न मागता मिळेल. बलात्कारातून गेलेली बाई, नवऱ्याचा मार खाल्लेली, घरात कुणी गळफास घेतलेला पाहिलेला मुलगा, यांना सिनेमा बघायला बसण्याआधी प्रत्येक वेळी मित्रांना आपली कहाणी सांगायची पाळी येऊ नये.

आपल्याकडे कायद्याने आता काही झालं आहे. २०२१च्या नियमांनुसार ओटीटीवरच्या प्रत्येक गोष्टीला वयाचा गट सांगावा लागतो, आणि आत काय आहे तेही थोडक्यात लिहावं लागतं. थिएटरातल्या सिनेमांच्या प्रमाणपत्रांत २०२३च्या कायद्याने सात, तेरा आणि सोळा वर्षं असे टप्पे आले. हे बरं झालं. पण एकदा आईच्या शेजारी बसून पाहा. डाव्या कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, इंग्रजीत तीन-चार शब्द येतात: व्हायोलन्स, लँग्वेज, सेल्फ-हार्म. आई चष्मा लावेपर्यंत ते गेलेले असतात. दिसले असते तरी ‘सेल्फ-हार्म’ म्हणजे काय ते तिला कळलं नसतं. त्याच पडद्यावर कुणी विडी पेटवली की खाली ठळक ओळ येते, धूम्रपान आरोग्यास हानिकारक आहे, आणि ती विडी विझेपर्यंत राहते. २ ऑक्टोबर २०१२पासून थिएटरात सिनेमाच्या सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर तंबाखूची तीस सेकंदांची चित्रफीत दाखवतात, तीही लोकांच्या भाषेत. तंबाखूबद्दलची ही काळजी योग्य आहे, तिने जीव वाचत असतील. पण मग कळकळीने विचारावंसं वाटतं: एका विडीसाठी जेवढी जागा, जेवढा वेळ आणि जी भाषा आपण देऊ शकतो, ती आत्महत्येच्या दृश्याआधी का देऊ शकत नाही? ‘या भागात आत्महत्या दाखवली आहे’, एवढं एक मराठी वाक्य, दहा सेकंद.

मोठ्या कंपन्याही हे शिकतच आल्या आहेत. नेटफ्लिक्सवरची ‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही मालिका २०१७मध्ये आली, तिच्या पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात नायिकेच्या आत्महत्येचं जवळजवळ तीन मिनिटांचं दृश्य होतं. जगभरच्या डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली. आधी सूचना वाढवल्या गेल्या, आणि जुलै २०१९मध्ये ते दृश्यच काढून टाकलं. काढणं बरोबर की चूक यावर माझं मन अजून एका बाजूला पडलेलं नाही. पण त्या दोन वर्षांत किती मुलांनी ते दृश्य रात्री, एकट्याने, फोनच्या पडद्यावर पाहिलं असेल, याचा विचार माझा पाठलाग करतो.

या सूचनांच्या विरुद्ध एक भक्कम म्हणणं आहे, आणि ते टाळणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. २०२३मध्ये अशा सूचनांवरच्या अनेक प्रयोगांचा एकत्र अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की सूचना दिल्याने दृश्य पाहतानाचा त्रास कमी होत नाही, उलट पाहण्याआधीची धाकधूक थोडी वाढते. आणि लोक सूचना वाचून बघायचं टाळतात असंही फारसं दिसत नाही. हे वाचून मी बरेच दिवस गप्प होते. मग सूचनेचा उपयोग काय?

आमच्या क्लबातले एक ज्येष्ठ सभासद, ज्यांच्याकडून मी सिनेमा बघायला शिकले, ते म्हणाले, ‘पाहिलंस? औषधाच्या बाटलीसारखी चिठ्ठी डकवली की सिनेमा औषध होतो. कलाकृतीने माणसाला हलवायचं असतं. ज्याला हलायचं नाही त्याने घरी बसावं.’ त्यांचं वय, त्यांचं प्रेम, दोन्हींचा मला आदर आहे. पण मला वहिनीचं वाक्य आठवत होतं. त्रास कमी कर, असं ती म्हणालीच नव्हती. कुठे बसायचं ते सांग, असं म्हणाली होती. कुणाबरोबर बसायचं, दिवसा की रात्री, दार लावून की उघडं ठेवून, हातात काय घेऊन. प्रयोगशाळेत त्रास मोजता येतो, पण तिथे सासू-सासरे समोर बसलेले नसतात. आणि हलायचं नाही असं कुणी म्हणत नाही. १९९१मध्ये ‘माहेरची साडी’ला आमच्या गल्लीतल्या बायका घोळक्याने गेल्या होत्या, रुमाल घेऊन, रडायचंय हे ठरवून. आईही गेली होती. त्यांना सिनेमाने हलवावं असंच वाटत होतं. त्या मैत्रिणींबरोबर बसल्या होत्या. सारा फरक तिथे आहे.

शेवट न फोडता सावध कसं करायचं, हे मी हळूहळू शिकते आहे. ‘काय होतं’ ते सांगायचं नाही, ‘काय दिसतं’ ते सांगायचं. त्या मालिकेबद्दल मी म्हणू शकले असते, ‘पाचव्या भागात बाळंतपणाच्या दवाखान्यातला एक लांब, जड प्रसंग आहे, तो भाग सगळ्यांबरोबर लावू नका.’ यात कुणाचं काय होतं ते आलं नसतं. कुठला भाग आणि साधारण कधी, एवढं सांगितलं की माणूस त्या वेळी पाणी आणायला उठू शकतो. पाच जण एकत्र बसले असतील तर सगळ्यांना सांगायचं, एकाच्या कानात नाही. कानात सांगितलं की बाकीच्यांच्या नजरा त्या एकाकडे वळतात. आणि कधी कधी दृश्य आणि गुपित एकच असतं, एकाला हात लावला की दुसरं फुटतं. तिथे मी आता गुपित फोडते. सिनेमा पुन्हा उभा राहतो. माझं माणूस त्या रात्री कसं झोपलं, ते मला परत फिरवता येत नाही.

इंग्रजीत ‘डझ द डॉग डाय’ नावाची एक सेवा आहे. सिनेमात कुत्रं मरतं का, एवढ्या एका प्रश्नावर ती उभी राहिली. आता बघणारेच तिथे अनेक गोष्टी नोंदवून ठेवतात: बाळ जातं का, साप दिसतो का, कुणी बुडतं का. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मला आईचा प्रश्न आठवला. त्यात कुणी मरत नाही ना गं? मी वर्षानुवर्षं तो उडवून लावला. मग एका रात्री आठवायला बसले की आई हे कधीपासून विचारते. लहानपणी ती विचारायची नाही. मारधाडीचे सिनेमे बाबांबरोबर बघायची. माझ्या आठवणीत तो प्रश्न २०१८च्या दिवाळीनंतरचा आहे. आईला मी याबद्दल बोललेले नाही. पण आता वाटतं, तो प्रश्न ती स्वतःसाठी विचारत नसावी. दिवाणखान्यात तिच्या मागच्या खुर्चीत वहिनी बसलेली असायची.

बाबा २०२४च्या जानेवारीत गेले. अकरा दिवस आयसीयूत होते. वहिनी आणि मी आळीपाळीने बाहेरच्या बाकावर असायचो, दिवसातून दोनदा आत सोडायचे. त्या यंत्राचा आवाज मला अजून कुठेही ऐकू येतो, बँकेत टोकनचा नंबर बदलला की, मायक्रोवेव्ह थांबला की. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात वहिनीचा फोन आला. तिने एक सिनेमा पाहिला होता, तिला फार आवडला होता, मी बघावा असं तिला वाटत होतं. नाव सांगून ती जरा थांबली. मग म्हणाली, ‘तासाभराने आयसीयू आहे. फार काही दाखवत नाहीत, पण मॉनिटरचा आवाज आहे, बराच वेळ. दुपारी लाव. आणि इथे येणार असशील तेव्हा लावू या, मी बसते तुझ्याबरोबर.’

तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही. यादीत सर्वांत वर आहे. परवा तिने विचारलं, ‘पाहिलास?’ म्हटलं, नाही अजून.

‘बरं,’ म्हणाली, ‘मग शेवटाचं काही बोलत नाही.’